शेंदूर विटकरी का होतो?

लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नेश्वर, अष्टविनायकांतले हे दोन गणपती जुन्नर तालुक्यातले. पडद्यावर लखलखणारा त्यांचा शेंदूर पत्रिकेवर किंवा यात्रेच्या पत्रकावर विटकरी उतरतो आणि बोल लागतो मशीनमनला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा मागोवा घेतला तर हा बोल अन्यायाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. ट्रेडल या छोट्या छापयंत्राच्या काळात जत्रेच्या, तमाशाच्या जाहिरातींत एकेका शाईचा सपाट रंग असे आणि समोरच्या कागदाकडे बघून मशीनमनच ती शाई कालवत असे. १९९० साली फोटोशॉप आलं, मग गावोगावी डीटीपीची दुकानं निघाली आणि रंगाचा निर्णय यंत्रावरून फाइलमध्ये गेला. १९९३मध्ये आयसीसी ही रंगमानकांची संस्था स्थापन झाली. १९९८च्या पाचव्या आवृत्तीपासून प्रोफाइलवर, म्हणजे एखाद्या यंत्रावर, शाईत आणि कागदावर रंग कसा उतरतो याच्या नोंदीवर, आधारलेली रंगव्यवस्था फोटोशॉपच्या गाभ्यात आली आणि २०००च्या सहाव्या आवृत्तीत ‘कलर सेटिंग्ज’ची एकच खिडकी मिळाली. त्या खिडकीत आधीपासून निवडलेलं सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचं, प्रोफाइल होतं अमेरिकेतलं, ‘स्वॉप’. ते तिकडच्या रोटरी ऑफसेटवर गुळगुळीत कागदावर निघणाऱ्या मासिकांसाठी बेतलेलं; चारही शायांची बेरीज ३०० टक्क्यांपर्यंत जाऊ देणारं. आपला बिनचकाकी मॅपलिथो कागद शाई पितो, त्यावर ठिपका जास्त फुगतो, मग सावल्या भरून येतात आणि शेंदरात मिसळलेली थोडीशी निळी, काळी शाईही त्याला मळवते. हातकागदासाठी एके काळी नावाजलेल्या जुन्नरात रंग ठरवताना कागदच विसरला जावा, याची खंत वाटते.

मशीनवर शाई कमी-जास्त करून हे सावरता येतं, असं कुणी म्हणेल. थोडं येतंही. पण निळी कमी करून शेंदूर उजळला, तर त्याच पट्ट्यात पुढे छापलं जाणारं भीमाशंकरचं रान पिवळं पडतं. एका चित्रासाठी दुसऱ्याचा बळी जातो. प्रोफाइल हे मोठ्या शहरांतल्या महागड्या छापखान्यांचं काम, हा दुसरा आक्षेप. खर्चाचा भाग खरा आहे: स्वतःचं प्रोफाइल बनवायला मोजणीचं उपकरण लागतं. मात्र बिनचकाकी कागदासाठीची तयार प्रोफाइलं फुकट मिळतात. काम ज्या ऑफसेटवर जाणार तिथे प्रोफाइल आणि शाईची मर्यादा विचारायला पैसे पडत नाहीत. मूळ फोटो आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या रंगांतच, ठेवून, रूपांतर शेवटी करून, ‘प्रूफ कलर्स’मध्ये संभाव्य रंग ग्राहकाला आधीच दाखवता येतो, पडदा नीट जुळवलेला नसेल तर तो अंदाजच, तरी पत्रिका हातात पडल्यावर होणारा वाद बराच टळतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: योग्य प्रोफाइल लावूनही तो शेंदूर येत नाही. बरोबर, कारण इतका तेजस्वी नारिंगी नेहमीच्या चार शायांच्या आवाक्याबाहेर आहे. देवस्थानाच्या पुस्तिकेला तोच रंग हवा असेल तर नारिंगीची वेगळी पाचवी प्लेट करावी आणि तिचा खर्च आधीच सांगावा. फ्लेक्सचं गणित आणखी निराळं, तिथे रंगांची फोड यंत्राचं स्वतःचं सॉफ्टवेअर करतं. त्याला आधीच स्वॉपमध्ये आवळलेली फाइल देण्यापेक्षा प्रोफाइल जोडलेली आरजीबी फाइल द्यावी.