ओलावामापकातील दाब-नियंत्रक

लातूर व नांदेड जिल्ह्यांतील सोयाबीन हमीभाव खरेदी केंद्रावर येते, तेव्हा हातात मावणाऱ्या ओलावामापकावर त्याची परीक्षा होते. बाजारात ज्यास 'हवा' म्हणतात, तो हा ओलावा. त्याची मर्यादा एरवी १२ टक्के; २०२४ च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. माल मर्यादेच्या काठावर असला म्हणजे यंत्राच्या अर्ध्या टक्क्याच्या चुकीने गाडी परत न्यावी लागते. म्हणून या यंत्राचे अंतरंग शेतकरी बंधूंनी समजून घेणे इष्ट होय.

कोरड्या दाण्याची विद्युत्‌भार साठविण्याची क्षमता अल्प, पाण्याची फार अधिक. पेल्यातील धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये दाणे भरून यंत्र ही क्षमता मोजते व तीवरून ओलावा काढते. हा फरक सूक्ष्म असल्याने मोजणाऱ्या भागास मिळणारा विद्युत्‌दाब स्थिर असावा लागतो. बॅटरी मात्र स्थिर नसते. ९ व्होल्टच्या बॅटरीत ६ घट असतात; वापराबरोबर त्यांचा एकत्रित दाब ६ व्होल्टपर्यंत उतरतो.

पाटात पाणी कितीही चढले तरी दार शेतात ठराविकच सोडते, तसे काम दाब-नियंत्रक करतो. सरळ नियंत्रक जादा दाब उष्णतेच्या रूपाने घालवितो. ओलावामापकाचा प्रवाह इतका थोडा की ती उष्णता हातास जाणवतही नाही. दुसरा प्रकार प्रवाह क्षणोक्षणी तोडून-जोडून बॅटरी वाचवितो, परंतु दाबात लहरी उठवितो आणि अशा लहरींनी यंत्राचा शेवटचा आकडा नाचू लागतो. चांगल्या सरळ नियंत्रकात ही खळबळ व्होल्टच्या काही लक्षांशांइतकीच उरते. मोजमापाच्या यंत्रास तोच योग्य.

त्यासही मर्यादा आहे. जुन्या धाटणीच्या नियंत्रकास ५ व्होल्ट देण्यासाठी सुमारे ७ व्होल्ट मिळावे लागतात. नव्या अल्पतूट नियंत्रकास सव्वापाचही पुरतात, म्हणून बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरली जाते. दाब त्याखाली गेला की नियंत्रकही बॅटरीबरोबर उतरतो व आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. बॅटरी उतरल्याची खूण पडद्यावर दिसत असता घेतलेले माप मान्य करू नये. नवी बॅटरी घालून, पेला रिता करून तीन वेळा माप घ्यावयास सांगावे.

उन्हातून नुकतेच उचललेले दाणे गरम असतात. त्यामुळे पडणारा फरक नियंत्रक दूर करू शकत नाही. नमुना सावलीत निवू द्यावा.