बंदरावरील साखरेचा ठावठिकाणा आणि गिऱ्हाइकाचा विश्वास



उसाची गाडी काट्यावरून उतरली की आपण पावती मागतो. गाडी नंबर, वजन, वेळ कागदावर आली की जीव भांड्यात पडतो. परदेशातून साखर घेणाऱ्या गिऱ्हाइकाचंही तसंच असतं. शासनाची परवानगी असते त्या हंगामात महाराष्ट्रातली पोतीबंद साखर न्हावा-शेवा बंदरातून कंटेनरने जाते. वीस फुटी कंटेनरमध्ये 50 किलोची 500 पोती धरली, तर 25 टन माल झाला. "माल निघाला बरं का" एवढ्या तोंडी निरोपावर कोण भरवसा ठेवील?

म्हणून प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे व सात आकडे असा क्रमांक असतो. त्यातील शेवटचा आकडा पडताळणीचा. क्रमांक लिहिताना चूक झाली तर बहुतेक वेळा तो ती दाखवून देतो. न्हावा-शेवा येथे 2016 साली 'लॉजिस्टिक्स डेटा बँक' सुरू झाली. तीत कंटेनरला रेडिओ लहरींवर वाचता येणारा टॅग लावतात. टोलनाका, यार्ड, बंदराचे फाटक, जिथे वाचनयंत्र आहे तिथे नोंद होते. पुढे जहाज कंपनी त्याच क्रमांकावर माहिती देते.

याने माल लवकर पोचतो असे नव्हे. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' जहाज सहा दिवस अडकले आणि शेकडो जहाजे खोळंबली. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. हा उशीर विकणाऱ्याच्या हातात नव्हता. पण ज्या गिऱ्हाइकाला तो वेळेवर कळला, त्याला दुसरी सोय बघता आली. ज्याला आपणहून चौकशी करावी लागली, तो पुढच्या खेपेला दुसऱ्या दारात जाणार. उशीर एक वेळ खपतो, लपवाछपवी खपत नाही.

मात्र टॅग डबा कुठे आहे एवढंच सांगतो. आतली साखर कशी आहे हे सांगत नाही. शिवाय शिळी माहिती दिली तर असलेला विश्वासही जातो.

याचा आपल्याशी संबंध काय? साखरेचे पैसे अडकले की मालतारण कर्जावर व्याज चढते, आणि उसाचे बिल लांबते. तेव्हा सर्वसाधारण सभेत "साखर किती विकली?" एवढ्यावर न थांबता, "निर्यातीचे कंटेनर जहाजावर कधी चढले, त्यांची नोंद कारखान्याकडे येते का?" हेही अवश्य विचारावे, अशी आमची विनंती आहे.