डेमन घ्यावी ती पळवायला

डॉज कंपनीने २०१७ साली चॅलेंजर डेमन ही गाडी जाहीर केली, तेव्हा मूळ किमतीत फक्त ड्रायव्हरची सीट मिळत होती. शेजारची सीट हवी तर एक डॉलर जास्त आणि मागची हवी तर आणखी एक. सरळ पट्ट्यावर पाव मैलाची शर्यत मारायची, एवढ्याच हेतूने ही गाडी घडवली होती. ६.२ लिटरचं सुपरचार्जर लावलेलं व्ही-८ इंजिन शर्यतीच्या पेट्रोलवर ८४० हॉर्सपॉवर देई. एसीचा गारवा केबिनऐवजी इंजिनात जाणाऱ्या हवेकडे वळवायची सोय होती, कारण हवा थंड असली की ताकद वाढते. जोरात सुटताना पुढची चाकं जमीन सोडत. किंमत सुमारे ८५,००० डॉलर, आणि गाड्या मोजून ३,३००.

२२ डिसेंबर २०२३ रोजी कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून शेवटची चॅलेंजर बाहेर पडली. तीही डेमनच होती, १,०२५ हॉर्सपॉवरची डेमन १७०. त्याच महिन्यात शेव्हरले कॅमॅरोचंही उत्पादन थांबलं. मसल कारचं युग संपलं या भावनेने अनेकांनी या गाड्या घेतल्या आणि सीटवरचं प्लास्टिकही न काढता गॅरेजमध्ये ठेवून दिल्या. वीस-तीस वर्षांनी सोनं होईल, हा हिशेब.

हिशेबाला आधार आहे तो जुन्या गाड्यांचा. १९६४च्या पाँटियाक जीटीओपासून मसल कारची लाट आली. मध्यम आकाराची गाडी, तिच्यात दांडगं इंजिन, आणि किंमत तरुणांना झेपेल अशी. पुढे विम्याचे हप्ते भडकले, प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि १९७३च्या तेलसंकटाने उरलीसुरली लाट ओसरली. १९७१ची हेमी इंजिनवाली प्लिमथ कुडा कन्व्हर्टिबल गिऱ्हाइकांअभावी जेमतेम अकरा बनली. त्यांतली एक २०१४ साली सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. उंच पंखाची प्लिमथ सुपरबर्ड तर शोरूममध्ये पडून राही. खपावी म्हणून काही डीलरांनी तिचा पंख आणि लांब नाक काढून साधी गाडी करून विकली.

या गाड्या मौल्यवान झाल्या, कारण त्या कोणी जपल्या नाहीत. पोरांनी त्या पिदडल्या, ठोकल्या, गंजू दिल्या, भंगारात घातल्या. त्यातून वाचल्या त्यांना भाव आला. आजच्या डेमनचं नेमकं उलटं आहे. ती पहिल्या दिवसापासून जपली जाते आहे, म्हणजे पुढे बाजारात कोऱ्या करकरीत डेमनचा तुटवडा पडणारच नाही.

हा प्रयोग एकदा होऊनही गेला आहे. १९७८ साली इंडियानापोलिस शर्यतीच्या निमित्ताने शेव्हरलेने काळ्या-चंदेरी रंगाच्या ६,५०२ कॉर्व्हेट काढल्या. छापील किंमत १३,६५३ डॉलर असताना लोकांनी कितीतरी जास्त मोजले आणि गाड्या झाकून ठेवल्या. आजही न वापरलेल्या गाड्या विक्रीला येतात, पण महागाई धरली तर बहुतेकांचं मुद्दलही सुटलेलं नाही.

‘शेवटची’ या शब्दावरही विसंबू नये. १९७६ची कॅडिलॅक एल्डोरॅडो अमेरिकेची शेवटची कन्व्हर्टिबल म्हणून विकली गेली, आणि १९८४ साली कॅडिलॅकनेच पुन्हा कन्व्हर्टिबल आणली. चिडलेले मालक कोर्टात गेले. रॅम पिकअपमधून काढलेलं हेमी व्ही-८ इंजिनही २०२५ साली कंपनीने परत आणल्याचं जाहीर केलं.

शिवाय गाडी नुसती ठेवायलाही खर्च येतो. उभ्या गाडीचे टायर कडक होतात, रबरी सील सुकतात, पेट्रोल खराब होतं, विम्याचा हप्ता मात्र चालूच असतो. १९७०च्या गाडीचा कार्बोरेटर मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरने जुळवतो. डेमनचं इंजिन, गिअर आणि ब्रेक संगणकांच्या हुकमतीत आहेत. ते डबे आणि त्यांचं सॉफ्टवेअर चाळीस वर्षांनी कोण पुरवणार?

मग नव्यांपैकी कशालाच भाव येणार नाही? येईल, पण मोजक्यांना. फोर्ड मस्टँग शेल्बी जीटी३५०आर घ्या. तिचं ५.२ लिटरचं व्ही-८ इंजिन मिनिटाला ८,२५० फेऱ्यांपर्यंत चढतं आणि ती फक्त हाताच्या गिअरमध्येच मिळे. अशी गाडी पुन्हा निघणं अवघड आहे. १९८७ची ब्यूइक जीएनएक्स ५४७च बनली, आणि तिच्या जवळजवळ न चाललेल्या गाड्यांनी दोन लाख डॉलर ओलांडले आहेत. मात्र त्यासाठी मालकांना तीसेक वर्षं थांबावं लागलं. भाव ठरवते ती आठवण. सोळाव्या वर्षी जिच्यासाठी जीव टाकला, ती गाडी माणूस पन्नाशीत विकत घेतो. बंद गॅरेजातली डेमन आजच्या कोणत्या पोराला दिसणार?

म्हणून डेमन असो की दुसरी कोणती मसल कार, परवडत असेल तर जरूर घ्यावी, पण चालवण्यासाठी घ्यावी. हौसेला मोल नसतं हे खरं आहे, पण हौसेला गुंतवणूक समजू नये. म्हातारपणाची तरतूद बँकेत करावी आणि गाडी रस्त्यावर काढावी.