तुसाच्या विजेचा ताळेबंद

15 ऑगस्ट 2007 रोजी बिहारच्या पश्चिम चंपारण जिल्ह्यातल्या तमकुहा गावात विजेचे दिवे लागले. सरकारी तार तिथे पोचली नव्हती. वीज निघाली होती भाताच्या तुसातून. ती काढणारे ज्ञानेश पांडे याच मुलखातले. बनारसला इंजिनिअरिंग, अमेरिकेत पुढचं शिक्षण आणि नोकरी करून परतलेले. सोबतीला बालमित्र रत्नेश यादव, आणि अमेरिकेतून मनोज सिन्हा व चार्ल्स रॅन्सलर. कंपनीचं नाव हस्क पॉवर सिस्टिम्स. तरुण परत आला आणि गाव उजळलं, इथवर ही गोष्ट अनेकांनी सांगितली. धंद्याची खरी कसोटी त्यानंतर लागली.

आधी यंत्राचं पाहू. भाताच्या वजनात सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या राइस मिलमागे त्याचे ढीग कुणीही पाहावेत. गॅसिफायरच्या उभ्या पिंपात तूस वरून ओततात. हवा बेताचीच सोडल्यामुळे ते पुरतं जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला ज्वलनशील वायू निघतो. तो थंड करून, गाळून इंजिनात सोडायचा. तंत्र जुनंच, पण तोवर या वायूला बहुधा डिझेलची जोड दिली जाई. हस्कने इंजिन निव्वळ वायूवर चालवलं. त्याची किंमत रोजच्या मेहनतीत मोजावी लागली. वायूबरोबर येणारं डांबरासारखं चिकट द्रव्य इंजिनात साचतं, त्यामुळे गाळण्या वरचेवर साफ कराव्या लागतात. ते काम गावातल्याच पोरांना शिकवलं. तूस जळून उरलेल्या काळ्या भुकटीपासून बायका अगरबत्त्या वळू लागल्या.

वीज तयार झाली, तरी ती विकणं बाकी होतं. साधारण 32 किलोवॉटच्या केंद्रावर चारेकशे घरं चालत. बांबूच्या खांबांवरून तार, संध्याकाळचे काही तास पुरवठा, घरात दोन सीएफएल आणि मोबाइल चार्जिंग. पैसे आगाऊ, महिन्याला शंभर रुपयांच्या आसपास. रॉकेलवर होणाऱ्या खर्चाशी ताडून पाहिलं की गिऱ्हाइकाला हिशेब पटायचा. ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढली की घराचा पुरवठा आपोआप तुटेल, असं स्वस्त उपकरण कंपनीने बनवून घेतलं. कारण इतक्या छोट्या धंद्यात पाच-पन्नास घरांनी आकडे टाकले, तरी केंद्र बुडालंच. शेवटी सारा धंदा वसुलीवर उभा होता.

कायद्याची वाट मोकळी होती. 2003 च्या वीज कायद्याने ग्रामीण भागात परवान्याशिवाय वीज बनवायला आणि वाटायला मुभा दिली. म्हणूनच पाचेक वर्षांत हस्कची केंद्रं ऐंशीच्या घरात गेली आणि 2011 मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. पण उद्या सरकारी तार आली, तर आधी पैसे गुंतवणाऱ्याचं काय होणार, यावर हा कायदा गप्प होता.

ती तार आलीच. ती आल्यावर काय होतं, हे 2014 मध्ये जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनईत दिसलं. ग्रीनपीसने तिथे 100 किलोवॉटचं सौर ग्रिड उभारलं, आणि गावकऱ्यांनी माजी मुख्यमंत्र्यांकडे ‘असली’ विजेची मागणी केली. सौर ग्रिडवर दिवे-पंखे चालत. फ्रिज-हीटर लावायचा नाही, असं बजावलेलं. शिवाय युनिटचा दर सरकारी विजेहून चढा. लवकरच ट्रान्सफॉर्मर आला आणि सौर ग्रिड मागे पडलं. यात गावकऱ्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. शहरातल्या माणसाला स्वस्त आणि हवी तितकी वीज मिळते, तर गावकऱ्यांनीच दोन दिव्यांवर समाधान का मानावं? 2017 मध्ये घरोघरी सरकारी वीजजोडणी देणारी ‘सौभाग्य’ योजना आली. सीएफएलचं गिऱ्हाईक धरून बसलेल्या कंपन्यांची वेळ संपली.

हस्कने मात्र माल आणि गिऱ्हाईक दोन्ही बदललं. तुसाच्या जोडीला सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवल्या. काही तासांचा पुरवठा चोवीस तासांवर नेला. तोवर सूत्रं सिन्हांकडे आली होती. लक्ष घरावरून दुकान, पिठाची गिरणी, वेल्डिंगच्या टपरीकडे वळलं. गिरणीवाल्याला वीज स्वस्त असण्यापेक्षा ती दुपारी दळण चालू असताना न जाणं महत्त्वाचं. तार आली तरी ती सतत वाहत नव्हती, आणि नेमक्या त्या फटीत मिनीग्रिडला, म्हणजे गावापुरत्या छोट्या वीजजाळ्याला, जागा मिळाली. 2018 मध्ये शेल, स्वीडफंड आणि एन्जी या गुंतवणूकदारांकडून दोन कोटी डॉलर आले.

2021 च्या अखेरीस हस्कने नायजेरियाच्या नासारावा राज्यात सहा मिनीग्रिड सुरू केली. विजेविना जगणारी माणसं सर्वांत जास्त याच देशात, आणि दुकानादुकानापुढे पेट्रोलचं जनरेटर. पण मला महत्त्वाचं वाटतं ते तिथलं नियमांचं पुस्तक. नायजेरियाच्या वीज नियामकाने 2016 मध्येच लिहून ठेवलं की मोठं ग्रिड आलं, तर परवानाधारक मिनीग्रिडवाल्याने त्याला जोडून वितरक व्हावं किंवा भरपाई घेऊन बाजूला व्हावं. भारतात त्याच वर्षी केंद्राचा मसुदा निघाला, उत्तर प्रदेशाने स्वतःचं धोरण केलं. पण गुंतवणूकदाराला ठाम भरवसा वाटेल असा देशव्यापी नियम काही आला नाही. 2023 मध्ये हस्कने कर्ज आणि भांडवल मिळून दहा कोटींहून अधिक डॉलर उभे केले, त्यात आफ्रिकेवरची भिस्त उघड दिसते.

दराचा प्रश्न तरीही सुटत नाही. आपल्याकडे कारखान्याच्या बिलातून शेतीपंपाची सवलत निघते. मिनीग्रिडच्या गावात असा कारखानाच नसतो, म्हणून सर्वांत गरीब गिऱ्हाइकाला सर्वांत महाग युनिट पडतं. नायजेरियात जोडणीमागे सार्वजनिक अनुदान देऊन हा भार थोडा उतरवला जातो. हे औदार्य नव्हे. मोठ्या ग्रिडला पिढ्यान्‌पिढ्या मिळालेल्या मदतीचा हा एक तुकडा आहे. पांडे-सिन्हांसारखे उद्योजक यंत्र सुधारतील, वसुली सुधारतील. पण तार येईल तेव्हा काय करायचं आणि महाग युनिटचा भार कुणी उचलायचा, हे आधी लिहून ठेवणं सरकारचं काम आहे. ते न करता नुसते पुरस्कार दिले, तर पुढचा ज्ञानेशही पहिला दिवा चंपारणात लावील आणि धंदा वाढवायला नासारावाला जाईल.