वाढते वजन, लांबणारी पाळी आणि मातृत्व

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की घरात कुजबूज सुरू होते. सोनोग्राफीत ‘अंडाशयात गाठी’ निघाल्या तर मग सारेच हादरतात. वास्तविक या गाठी नव्हेत. पूर्ण वाढ न होता थांबलेल्या स्त्रीबीजांच्या त्या बारीक पिशव्या असतात. तो कर्करोग नव्हे आणि त्या काढण्यासाठी शस्त्रक्रियाही लागत नाही. पाळी ३५ दिवसांहून अधिक लांबणे, हनुवटीवर राठ केस येणे, मुरुमे वाढणे ही या विकाराची लक्षणे. त्याला ‘पीसीओएस’ म्हणतात.

वजनाचा येथे काय संबंध? पोटावर चरबी साठली की शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. मग स्वादुपिंड ते अधिक प्रमाणात तयार करते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. परिणामी बीज पक्व होऊन सुटत नाही, पाळी लांबते आणि दिवस राहत नाहीत.

दिलाशाची गोष्ट अशी, की त्यासाठी अगदी सडपातळ व्हावे लागत नाही. वजन जास्त असल्यास ते ५ ते १० टक्के उतरले, तरी अनेकींची पाळी सुधारते व बीज सुटू लागते. म्हणजे ७० किलोच्या स्त्रीने साडेतीन ते सात किलो कमी करायचे. गरोदरपणातील मधुमेह व रक्तदाबाचा धोकाही त्यामुळे घटतो. चेहऱ्यावरील केस मात्र लवकर कमी होत नाहीत. तेथे धीर धरावा.

वजन उपासाने उतरत नाही. साबुदाण्याची खिचडी व बटाट्याचे वेफर्स उलट भर घालतात. भात बेताचा, भाकरी मोजून, सोबत उसळ, पालेभाजी व कोशिंबीर घ्यावी. चहातील साखर आणि फरसाण कमी करावे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे. महिन्याला दोन किलोंहून अधिक उतरवण्याची घाई नको.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा विकार सडपातळ स्त्रियांनाही होतो; त्यांनी उपाशी राहू नये. तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे, कारण गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहणे बरे नव्हे. पाळी सुरळीत होण्यापूर्वीही दिवस राहू शकतात. मूल नको असल्यास गर्भनिरोधक वापरावे. वय ३५ च्या पुढे असेल, तर वजन उतरण्याची वाट पाहत वेळ दवडू नये. बीज वाढवणारी गुणकारी औषधे आहेत, पण ती तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

आणि पतीच्या वीर्याची तपासणी सुरुवातीलाच करून घ्यावी. दोष एकट्या सुनेचा धरून चालणाऱ्या घरात उपचाराची वर्षे फुकट जातात.