पहिला आला, तरी दार बंदच झालं: फ्रिट्झ पोलार्डची गोष्ट

ऐकायला वेळ नसेल, तर हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बसमध्ये उभ्या उभ्या वाचून होईल.

आजचा विषय अमेरिकन फुटबॉल. आपला पायाने खेळायचा तो नव्हे. इथे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी तुम्हाला धरून आडवं पाडायचं. म्हणजे धिप्पाड माणसांचा खेळ. आणि आपला हिरो? उंची 5 फूट 9 इंच, वजन जेमतेम 75 किलो. नाव फ्रिट्झ पोलार्ड. जन्म 1894, शिकागो.

ब्राउन विद्यापीठाकडून तो 1916 मध्ये ‘रोझ बोल’ या मानाच्या सामन्यात उतरला. तिथे खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पुढे 1920 मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली. हीच आजची एनएफएल. पोलार्ड ॲक्रन प्रोज संघात होता. त्या मोसमात ॲक्रन एकही सामना हरला नाही आणि लीगचा पहिला विजेता ठरला.

पण कौतुक फक्त स्कोअरबोर्डवर हं! हॉटेलं त्याला खोली देत नव्हती. ॲक्रनमध्ये सामन्याचे कपडे तो संघमालकाच्या सिगारच्या दुकानात बदलायचा. मैदानात तो खाली पडला की प्रतिस्पर्धी मुद्दाम अंगावर उड्या टाकायचे. मग त्याने युक्ती काढली. पडल्या पडल्या पाठीवर वळायचं आणि सायकल चालवल्यासारखे पाय हवेत फिरवायचे. या, कोण येतंय ते बघू!

1921 मध्ये तो खेळता खेळता संघाचा सह-प्रशिक्षकही झाला. लीगमधला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक. मला वाटलं होतं, एकाने दार उघडलं की मागून रांग लागते. इथे उलटंच झालं. 1934 ते 1945 या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. कुठेही लेखी नियम नाही. मालकांनी आपसात न बोलता ठरवलं आणि झालं!

पोलार्ड गप्प बसला नाही. लीग घेत नाही ना, मग त्याने 1935 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंचा ‘ब्राउन बॉम्बर्स’ हा संघ हाती घेतला. ही पोरं कुणापेक्षा कमी नाहीत, हे त्याला मैदानातच दाखवायचं होतं.

एनएफएलला दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक मिळाला 1989 मध्ये, आर्ट शेल. मध्ये गेली 68 वर्षं. पोलार्ड त्याच्या तीन वर्षं आधीच, 1986 मध्ये वारला. वय 92. हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं ते 2005 मध्ये.

म्हणून आता कुणाबद्दल ‘पहिला’ किंवा ‘पहिली’ असं वाचलं, की मी लगेच एक प्रश्न विचारतो: बरं, मग दुसरा कधी आला? तुम्हीही विचारून बघा. खरी गोष्ट बऱ्याचदा तिथेच सापडते.

चला, भेटू पुढच्या भागात!