चार रकान्यांची वही

मनोरुग्णालयात शिकणाऱ्या परिचारिकांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा इतिहास, अभ्यासक्रम आणि एखाद्या प्राचार्यांची मुलाखत असा सरळ लेख त्यांच्या मनात असावा. माझ्याही मनात तोच होता. तो बाजूला पडला तो विद्यार्थिनींच्या एका वहीमुळे. नर्सिंगच्या जगात तिला 'प्रोसेस रेकॉर्डिंग' म्हणतात. मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगला आलेल्या प्रत्येकीला ते लिहावं लागतं आणि बहुतेकींना ती कटकट वाटते. माझं मत मात्र असं झालंय की आपल्या आरोग्यशिक्षणात याच्याइतकं हुशार साधन दुसरं नाही, आणि याच्याइतकं वाया घालवलेलंही नाही.

इतिहास आधी उरकून घेऊ. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. चारही इंग्रजांच्या काळातली. मंजूर खाटा अनुक्रमे २५४०, १८५०, ९४० आणि ३६५, म्हणजे एकूण ५६९५. डॉक्टर राउंड घेऊन जातात. त्यानंतर दिवसरात्र तिथं असतात त्या सिस्टर, ब्रदर, मावशी आणि मामा. पूर्वी त्यांच्याकडून अपेक्षा एवढीच असे, की रुग्ण पळू नये, मारामारी होऊ नये आणि औषध गिळलं जावं. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारनं काही परिचारिकांना या विषयाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. १९५४ मध्ये बंगळुरूला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. तीच पुढं 'निम्हान्स' झाली. परिचारिकांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम तिथं पन्नाशीच्या दशकातच सुरू झाला. साठच्या दशकात भारतीय परिचर्या परिषदेनं हा विषय बी.एस्सी. नर्सिंगला सक्तीचा केला. आज तो पाचव्या आणि सहाव्या सत्रात असतो. मनोरुग्णालयात पाऊल ठेवायला घाबरणाऱ्या विशीतल्या मुली त्यामुळं दरवर्षी तिथं येतात आणि सोबत ही वही आणतात.

वहीमागची कल्पना हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेची. त्यांचा जन्म १९०९चा, पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग गावचा. १९१८च्या इन्फ्लुएन्झात तापानं भ्रमिष्ट झालेली माणसं खिडकीतून उड्या टाकताना त्यांनी लहानपणी पाहिली होती. दुसऱ्या महायुद्धात त्या सैन्याच्या परिचारिका दलात इंग्लंडमध्ये होत्या आणि मनानं खचलेल्या सैनिकांची शुश्रूषा जवळून पाहत होत्या. नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे, असं मांडणारं पुस्तक त्यांनी १९४८ मध्ये लिहून संपवलं. ते छापून आलं १९५२ मध्ये. सहलेखक म्हणून डॉक्टरचं नाव नसताना एका नर्सनं असं पुस्तक काढणं तेव्हा प्रकाशकांच्या पचनी पडत नव्हतं. पुढं रटगर्स विद्यापीठात त्यांनी परिचारिकांसाठी मनोरुग्ण शुश्रूषेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला. रुग्णाशी झालेलं बोलणं शब्दशः लिहा आणि मग त्याची चिरफाड करा, ही शिस्त त्यांनी तिथं लावली. नर्सच्या भूमिका सांगताना त्यांनी पहिली भूमिका धरली ती अनोळखी माणसाची. रुग्णाशी ओळख नाही हे आधी कबूल करा, नातं मग जुळेल, असं त्यांचं म्हणणं.

आता वहीकडं येऊ. पान आडवं धरून चार रकाने आखतात. कॉलेजागणिक त्यांत थोडाफार फरक असतो. पहिल्या रकान्यात रुग्ण काय बोलला ते, त्याच्याच शब्दांत. दुसऱ्यात मी काय बोलले, माझ्याच शब्दांत. तिसऱ्यात त्या वेळी काय दिसलं आणि मला आतून काय वाटलं. चौथ्यात मी कोणतं संवादतंत्र वापरलं, आणि ते पूरक होतं की मारक. वर तारीख, जागा, बसण्याची रचना आणि भेटीचं उद्दिष्ट. रुग्णासमोर बसून लिहायचं नाही, कारण तो सावध होतो. म्हणून वॉर्डातून नर्सिंग स्टेशनकडं येणाऱ्या मुली ओठांतल्या ओठांत पुटपुटताना दिसतात. त्याचं वाक्य, माझं वाक्य, त्याचं वाक्य, अशी उजळणी चाललेली असते.

ही वही तपासणाऱ्या एका पाठ्यनिर्देशिकेजवळ मी बराच वेळ काढला. हयात याच विषयात गेलेली बाई. नाव छापायचं नाही, ही त्यांची अट. सगळे त्यांना मॅडमच म्हणतात. त्यांचा एक नियम मला फार आवडला. आठवत नसेल तिथं वाक्य रचायचं नाही, टिंबं द्यायची. "जिथं विसरते ना, तिथंच मुलगी घाबरलेली असते," त्या म्हणाल्या. "मला टिंबंच आधी बघायची असतात."

एका तिसऱ्या वर्षाच्या मुलीची वही त्यांच्यासमोर उघडी होती. रुग्ण साठीच्या पुढची, बरीच वर्षं दाखल असलेली बाई.

"माझी पोरगी येणारे रविवारी. मला न्यायला."

"हो आजी, येईल ना. काळजी करू नका."

यानंतर पहिल्या रकान्यात शब्द नव्हते. आजी गप्प झाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, एवढी नोंद. दुसऱ्या रकान्यात पुढचं वाक्य: "जेवण झालं का?" चौथ्या रकान्यात मुलीनं लिहिलं होतं, 'धीर दिला'.

मॅडमनी 'काळजी करू नका' या शब्दांना लाल गोल केला. "मुलगी येणार हे तुला कुणी सांगितलं? केस पेपर बघितलास?"

"नाही मॅडम."

"मग वचन कुणाच्या जिवावर दिलंस? रविवारी त्या दाराशी बसतील, आणि सोमवारी तुझ्याशी बोलणार नाहीत. बरं, त्या गप्प झाल्या तेव्हा तू एकदम जेवणावर का गेलीस?"

मुलगी घुटमळली. मग म्हणाली, "मला वाटलं, त्या रडतील."

"हे वहीत कुठंय? तिसऱ्या रकान्यात लिही आधी."

मला हे यंत्र तिथं कळलं. रुग्णाला काय झालंय हे शोधायला केस पेपर आहे, तपासण्या आहेत. ही वही नर्सला काय झालंय ते शोधते. खोटा दिलासा, घाईचा सल्ला, 'असं का करता?' हा जाब, अवघड क्षणी विषय बदलणं हे सगळं पाठ्यपुस्तकात मारक संवादाच्या यादीत छापलेलं असतं आणि परीक्षेत मुली ते घडाघडा लिहितात. पण आजींसमोर बसल्यावर आपण नेमकं तेच केलं, हे वही उघडी पडल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या भेटीला त्या मुलीनं एवढंच म्हटलं, "मुलीची वाट बघताय तुम्ही." आणि गप्प बसली. गप्प बसणं हेही तंत्रच आहे, चौथ्या रकान्यात त्याला जागा आहे. आजी मग मुलीच्या लग्नाबद्दल बोलल्या, तिच्या सासरच्या गावाचं नाव त्यांनी घेतलं. ते केस पेपरवर नव्हतं. मॅडमनी ते समाजसेवा अधीक्षकांकडं लगेच पाठवलं.

भास होणाऱ्या रुग्णाशी कसं बोलावं, हाही धडा इथलाच. "कुणी बोलत नाहीये, उगाच काहीतरी" म्हणणं चूक, आणि "हो, मलाही ऐकू येतंय" म्हणणं त्याहून चूक. मॅडम शिकवतात ते वाक्य असं: "मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्हाला येतोय आणि तुम्ही घाबरला आहात, हे मला दिसतंय." वाद नाही, खोटंही नाही.

बोलण्यानं खरंच फरक पडतो का, याचं उत्तर संशोधनानं दिलं आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये लेन बोवर्स या परिचर्येच्या प्राध्यापकांनी 'सेफवॉर्ड्स' नावाची योजना आखली. १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांत तिची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. योजनेत दहा साधे उपाय आहेत. रुग्णाला मृदू शब्दांत नकार द्यायचा. घरून वाईट बातमी येणार असेल, रजा नाकारली जाणार असेल, तर भडका उडण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसायचं. बरं होऊन घरी जाणाऱ्यानं नव्यानं येणाऱ्यांसाठी दोन ओळींचा निरोप लिहायचा आणि तो वॉर्डात सगळ्यांना दिसेल असा लावायचा. एवढ्यावर वॉर्डातले संघर्षाचे प्रसंग १५ टक्क्यांनी कमी झाले. कोंडणं, धरून ठेवणं, बळजबरीनं औषध देणं असे प्रकार २६.४ टक्क्यांनी घटले. या योजनेत नवं औषध एकही नव्हतं.

आपल्या शेजारचा दाखला गोव्याचा आहे. तिथं 'संगत' या संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत उपचार दिले. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण या गटात ६४ टक्के होतं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ते ३९ टक्के. निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. माझं लक्ष गेलं ते त्यांच्या तयारीकडं. हे समुपदेशक एकमेकांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकत आणि गुण देत. कागदाच्या जागी ध्वनिफीत आली, तत्त्व पेप्लाऊंचंच राहिलं: काय बोललो ते पुन्हा समोर ठेवा आणि दुसऱ्याला तपासू द्या.

इथवर सगळं गोड आहे. आता अडचणी, आणि त्या थोड्याथोडक्या नाहीत.

पहिली गर्दीची. कॉलेजं भरमसाट वाढली, मनोरुग्णालयं तेवढीच राहिली. एका वॉर्डात एकामागून एक तुकड्या येतात आणि बोलक्या रुग्णाभोवती घोळका करतात. असे काही रुग्ण आता या कामात तरबेज झालेत. एका काकांनी मलाच विचारलं, "एमएसई घेणार का? मग आज वार कोणता ते विचारा, पंतप्रधान कोण ते विचारा." मनःस्थिती परीक्षणाचे प्रश्न त्यांना क्रमानं पाठ होते. मी हसलो, ते हसले नाहीत. आपलं दुःख दर तुकडीला नव्यानं सांगायचं आणि पोस्टिंग संपलं की मुलगी पुन्हा दिसणार नाही, हे त्यांनी किती वेळा सोसलं असेल? नातं सुरू करताना ते कधी संपणार हे रुग्णाला सांगून ठेवावं, अशी पेप्लाऊंच्या परंपरेतली शिकवण आहे. घाईत नेमकी तीच गळते.

दुसरी नकलेची. प्रोसेस रेकॉर्डिंगच्या तयार पीडीएफ व्हॉट्सअॅपवरून फिरतात. एका तुकडीतल्या पाच वह्यांत पाच रुग्णांना एकच आवाज एकाच वेळी ऐकू येतो. एकीला टिंब द्यावं लागत नाही, एकीची तारांबळ उडत नाही. मॅडमना अशी वही दुसऱ्या ओळीला ओळखू येते, पण साठ मुलींचा गठ्ठा टेबलावर असला की त्यांच्यासारखीलाही सही करून पुढं सरकावं लागतं. जिथं शिक्षकच अपुरे आहेत, तिथं सहीच उरते.

तिसरी भाषेची. रुग्ण बोलतो वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत. वही लिहायची इंग्रजीत. मुलगी आधी मनात भाषांतर करते आणि मग 'शब्दशः' उतरवते. ज्या वहीचा सारा जीव शब्दांत आहे, तिचा पहिला रकाना इथंच खोटा होतो.

चौथी सगळ्यांत महागडी. सरकारी खर्चानं वर्षभर मनोरुग्ण शुश्रूषेची पदविका घेऊन आलेली परिचारिका बदलीत शस्त्रक्रियागृहात किंवा बाह्यरुग्ण विभागात जाते. बदल्यांच्या यादीत ती फक्त अधिपरिचारिका असते. तिची पदविका तिच्या फायलीत राहते.

आणि या सगळ्यावर कायद्याची टांगती तलवार. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला साखळदंडानं बांधायला पूर्ण बंदी केली. एकांतात कोंडायलाही मनाई केली. शारीरिक बंधन केवळ तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तर, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनं, नोंद करून आणि गरजेपुरतंच. कर्मचारी कमी आहेत, हे बंधनाचं कारण होऊ शकत नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलंय. तमिळनाडूतल्या एर्वाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून मेले. तो इतिहास पाहता ही कलमं हवीच होती. पण रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात एकटी असलेली सिस्टर भडकलेल्या रुग्णासमोर उभी राहते, तेव्हा तिच्या हातात दोरी नको असेल तर तोंडात योग्य वाक्य हवं. ते तिला शिकवण्याची एकमेव जागा म्हणजे ही वही.

ही गरज मनोरुग्णालयापुरतीही नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. त्यांतले कितीतरी बाळंतपणाच्या वॉर्डात, क्षयाच्या ओपीडीत, विष घेतल्यानं दाखल झालेल्यांच्या खाटांवर भेटतात. तिथल्या सिस्टर, डॉक्टर आणि आशाताई या सगळ्यांनाच ऐकून घ्यायला शिकावं लागणार आहे.

म्हणून मागणी तीनच गोष्टींची. वह्यांची संख्या कमी करा, पण प्रत्येकीची एक तरी वही शिक्षकानं समोर बसवून ओळीओळीनं वाचलीच पाहिजे. पहिले दोन रकाने रुग्णाच्या भाषेत लिहू द्या. आणि पदविकाधारक परिचारिकेची बदली मानसिक आरोग्य विभागाबाहेर करू नका. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा कायदा लागत नाही. विद्यापीठाचं एक परिपत्रक आणि आरोग्य विभागाच्या बदली धोरणातली एक ओळ पुरेशी आहे.